वटवाघळांची वस्ती राखणाऱ्या गावगटांसाठी छोटा निधी: कुठून मिळवावा, कशावर खर्च करावा
(मनोर, पालघर आणि बोईसर-तारापूर परिसरासाठी)

जांभळे पिकू लागली की मनोर परिसरातील बागायतदारांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: "रात्रीत वटवाघळांनी झाड साफ केलं." त्याच गावात एखाद्या जुन्या वडावर किंवा चिंचेवर शेकडो वटवाघळे दिवसभर लटकलेली असतात. ते झाड तोडू नये म्हणून दोन-चार तरुण, एखादे शिक्षक किंवा महिला बचत गट धडपडत असतो. पैशाची गरज दोन्ही बाजूंना असते. बागायतदाराला फळ वाचवायचे असते, तर गटाला झाड.

या लेखात अशा गटांना मिळू शकणाऱ्या छोट्या निधीची माहिती दिली आहे. कृषी सहायक, ग्रामसेवक आणि कृषी विज्ञान केंद्राच्या कार्यकर्त्यांनाही गावात मार्गदर्शन करताना ती उपयोगी पडेल.

थोडक्यात

- अनुसूचित क्षेत्रातील गावांना सर्वात जवळचा निधी ग्रामसभेकडेच असतो. बाहेरच्या संस्थेकडे अर्ज करण्याआधी तो पाहावा.
- छोट्या निधीचा पहिला खर्च वस्तीच्या झाडाचा मालक आणि शेजारचा बागायतदार यांच्यासाठी व्हावा. फलक आणि लाकडी पेट्या नंतर.
- वस्तीची मोजणी आणि नुकसानीची मोजणी या दोन नोंदी नसतील तर अर्ज करू नका.
- 1 एप्रिल 2023 पासून फळे खाणाऱ्या वटवाघळांनाही कायद्याचे संरक्षण आहे. मारणे हा आता उपाय राहिलेला नाही.

1. आपल्याकडची वटवाघळे

शेतीच्या दृष्टीने वटवाघळांचे दोन गट लक्षात ठेवावेत.

*फळे खाणारी:* सर्वात मोठे वटवाघूळ उंच, उघड्या फांद्यांवर मोठ्या संख्येने राहते. पंख पसरल्यावर ते मीटरभराहून रुंद दिसते. मध्यम आकाराची एक जात गुहा, जुने बोगदे आणि पडक्या इमारतींत राहते. लहान आकाराची जात ताड, केळी यांच्या पानांखाली थोड्या संख्येने लपते. ही सर्व वटवाघळे वड, पिंपळ, उंबर, जांभूळ, मोह, चिकू, पेरू, आंबा अशा झाडांवर येतात.

*कीटक खाणारी:* यांना अनेक गावांत पाकोळी म्हणतात. घराचे आढे, भिंतीच्या फटी, पुलाखालच्या खाचा, देवळाचा कळस येथे ती राहतात. ती फळाला तोंड लावत नाहीत. रात्री शेतावर फिरून पतंग, तुडतुडे, भुंगे आणि डास खातात.

मोठ्या वटवाघळाची मादी वर्षाला साधारण एकच पिल्लू देते. त्यामुळे उंदरासारखी त्यांची संख्या झपाट्याने वाढत नाही. एका उन्हाळ्यात वस्ती उठली किंवा माद्या मेल्या, तर ती भरून यायला अनेक वर्षे लागतात. वस्तीचे झाड राखण्याला महत्त्व आहे ते यामुळेच.

2. शेतीला फायदा आणि तोटा

*फायदा:* थायलंडमध्ये भाताच्या पाठीवर पांढरा डाग असलेल्या तुडतुड्यांवर जगणाऱ्या एका जातीचा अभ्यास झाला. ही वटवाघळे दरवर्षी सुमारे 26,200 लोकांना पुरेल इतक्या भाताचे नुकसान टाळतात, असा अंदाज 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. स्पेनमधील एब्रो नदीच्या मुखाजवळील भातशेतीत पेट्या लावून पाकोळ्यांची संख्या वाढवली, तेव्हा खोडकिडीचा उपद्रव कमी झाल्याचे आढळले. आपल्याकडील पिवळा खोडकिडा वेगळ्या जातीचा असल्याने हे आकडे वाडा कोलमच्या शेताला जसेच्या तसे लावू नयेत. पाकोळ्या शेतावर काय काम करतात, हे मात्र त्यातून स्पष्ट होते.

फळे खाणारी वटवाघळे बी दूरवर टाकतात. वड, उंबर, जांभूळ, मोह ही झाडे पडीक जमिनीवर आणि बांधावर आपोआप उगवतात, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. टेटूची फुले रात्री उमलतात आणि त्यांचे परागीभवन प्रामुख्याने वटवाघळे करतात. ज्या पाड्यांत मोहाच्या फुलांवर आणि टोळंबीवर घरखर्चाचा काही भाग चालतो, तेथे या प्राण्याला निव्वळ शत्रू म्हणता येत नाही.

*तोटा:* तोटा खरा आहे, तो नाकारू नये. घोलवड-डहाणूच्या चिकूला 2016 मध्ये आणि मनोरजवळच्या बहाडोलीच्या जांभळाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनामुळे प्रत्येक किलोची किंमत वाढली, तसे प्रत्येक किलोचे नुकसानही बोचू लागले. दोन्ही पिकांत जोखीम मात्र सारखी नाही. चिकू पक्व पण कडक असताना काढला जातो. फळावरची तपकिरी भुकटी झडली आणि नखाने ओरखडल्यावर हिरवी रेघ न दिसता पिवळसर दिसली, की तो काढणीला आला. अशा कडक फळाकडे वटवाघळे कमी वळतात. ती झाडावर राहून मऊ झालेली फळे उचलतात. जांभूळ मात्र झाडावरच पिकते आणि त्याच अवस्थेत बाजारात जाते. त्यामुळे जांभळाच्या बागेला नुकसान जास्त जाणवते.

*नुकसान कोणाचे, हे आधी ओळखा:*

- झाडाखाली चावून, रस चोखून थुंकलेला चोथ्याचा चपटा गोळा दिसला तर ते काम फळे खाणाऱ्या वटवाघळाचे.
- अर्धवट खाल्लेली फळे झाडापासून दूर, दुसऱ्या झाडाखाली पडलेली असतील तरी वटवाघळाचीच शक्यता. लहान जाती फळ उचलून दुसरीकडे नेऊन खातात.
- फळाला चोचीचे टोकदार भोक असेल आणि नुकसान दिवसा होत असेल तर पक्षी.
- सालीवर बारीक कुरतडल्याच्या समांतर खुणा असतील तर खार किंवा उंदीर.
- सोसाट्याचा वारा किंवा पहिल्या पावसानंतर न खाल्लेल्या फळांचा सडा पडला असेल तर ती नैसर्गिक गळ. जांभळात ही गळ मोठी असते आणि तिचाही दोष पुष्कळदा वटवाघळांवर जातो.

3. कायदा काय सांगतो

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये फळे खाणारी वटवाघळे अनेक वर्षे अनुसूची 5 मध्ये, म्हणजे उंदीर आणि कावळ्यांसोबत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. 2022 च्या दुरुस्तीने ही यादीच रद्द झाली. दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि फळे खाणारी वटवाघळे अनुसूची 2 मध्ये आली. त्यामुळे गोफण, बंदूक, विष, वीजप्रवाह किंवा पकडण्याच्या जाळीने त्यांना मारणे गुन्हा ठरतो. दमा, सांधेदुखीवर औषध म्हणून किंवा खाण्यासाठी मारणेही त्यातच येते. आंबा, चिंच, जांभूळ, मोह अशी झाडे मालकीच्या जमिनीत असली तरी ती तोडण्यास महाराष्ट्रात परवानगी लागते, हेही मालकाच्या लक्षात आणून द्यावे.

मारून प्रश्न सुटतो का, याचे उत्तर मॉरिशस बेटावर मिळाले आहे. लिचीचे नुकसान थांबवण्यासाठी तेथील सरकारने 2015 आणि 2016 मध्ये 38,000 हून अधिक फळभक्षी वटवाघळे मारली. फळांचे उत्पादन त्यामुळे वाढले नाही. 2018 मध्ये ती जात धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत वरच्या वर्गात गेली. बागायतदारांसाठी जाळ्यांवर अनुदान देण्याचा मार्गही तेथे वापरला जातो. आपल्या गटांनी थेट जाळीपासूनच सुरुवात करावी.

4. निधीची चार दारे

पहिले दार: पेसाचा अबंध निधी

पालघर जिल्ह्यातील तलासरी, डहाणू, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे तालुके पूर्णपणे, तर पालघर आणि वसई तालुक्यांतील काही गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. या गावांना पेसा कायदा 1996 आणि महाराष्ट्राचे 2014 चे पेसा नियम लागू होतात. आदिवासी उपयोजनेच्या 5 टक्के निधी 2015 पासून थेट पेसा ग्रामपंचायतींना दिला जातो. तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते.

या निधीच्या खर्चाचे चार गट आहेत: पायाभूत सुविधा, वनहक्क आणि पेसा कायद्यांची अंमलबजावणी, आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षण, आणि चौथा गट वनीकरण, वन्यजीव संवर्धन, जलसंधारण, वनतळी, वन्यजीव पर्यटन आणि वनउपजीविका. वटवाघळांच्या वस्तीचे काम चौथ्या गटात थेट बसते. अनेक गावांत हा गट केवळ वृक्षलागवडीवर संपतो, कारण दुसरी मागणीच ग्रामसभेत येत नाही.

तुमचे गाव यादीत आहे का आणि चौथ्या गटात किती रक्कम शिल्लक आहे, हे ग्रामसेवक किंवा तालुका पेसा समन्वयकाकडून पाहून घ्या. एक मर्यादा लक्षात ठेवा: सरकारी निधीतून खासगी झाडमालकाला रोख रक्कम देण्यावर हिशेब तपासणीत आक्षेप येऊ शकतो. कुंपण, रोपे, पाणवठा, जाळ्यांची सामुदायिक खरेदी, मोजणीचे साहित्य अशी कामे या निधीतून करावीत.

दुसरे दार: जैवविविधता व्यवस्थापन समिती

जैविक विविधता कायदा 2002 च्या कलम 41 नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत ही समिती असते आणि कलम 43 नुसार स्थानिक जैवविविधता निधीची तरतूद आहे. समितीचे मुख्य काम लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे. बऱ्याच ठिकाणी समिती कागदावर असते आणि नोंदवहीत वटवाघळाचे नाव नसते. तुमच्या वस्तीची नोंद तेथे करून घ्या. यातून लगेच मोठी रक्कम मिळेल असे नाही. पण वस्ती अधिकृत दस्तात आली, की रस्ता रुंदीकरण किंवा अन्य प्रकल्पात झाड तोडण्याचा विषय निघतो तेव्हा हरकत घ्यायला आधार मिळतो. मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतच्या आणि नव्या प्रकल्पांच्या पट्ट्यातील गावांनी हे काम आधी करावे. राज्य पातळीवर महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर येथून मार्गदर्शन मिळते.

तिसरे दार: कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी

बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहत मनोरपासून जवळ आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक नफा किंवा उलाढालीवरील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. या कामांच्या यादीत पर्यावरण समतोल आणि वनस्पती-प्राणी संरक्षण स्पष्टपणे दिलेले आहे. कंपनीच्या निधीतून काम करणाऱ्या संस्थेला 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 नोंदणी लागते. गावगटाकडे ती सहसा नसते. अशा वेळी आधीच नोंदणी असलेल्या जवळच्या संस्थेमार्फत प्रस्ताव द्यावा आणि कामाची, पैशाची वाटणी लेखी ठरवावी. झाडमालकाचे मानधन आणि बागायतदाराच्या जाळ्या या खर्चासाठी हे दार सोयीचे आहे.

चौथे दार: देशा-परदेशातील संवर्धन संस्था

ब्रिटनमधील रफर्ड फाउंडेशन छोट्या निसर्गसंवर्धन प्रकल्पांना निधी देते. अमेरिकेतील बॅट कॉन्झर्वेशन इंटरनॅशनल ही संस्था केवळ वटवाघळांसाठी काम करते. भारतात बंगळूरची बॅट कॉन्झर्वेशन इंडिया ट्रस्ट आणि मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी यांच्याकडे या विषयाचा अनुभव आहे. जाती ओळखण्यासाठी आणि प्रस्ताव तपासून घेण्यासाठी त्यांना लिहावे.

परदेशी पैशाबाबत सावध राहा. विदेशी अंशदान नियमन कायदा 2010 नुसार संस्थेला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेले परदेशी अनुदान दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. "आमच्या नावावर पैसे घेऊ आणि तुम्हाला देऊ" असे कोणी सांगितले तर नकार द्या. नोंदणी असलेली संस्था स्वतः तुमच्या गावात काम करू शकते, पण रक्कम तुमच्या मंडळाच्या खात्यात वळती करू शकत नाही.

5. अर्जाआधी दोन नोंदी

*वस्तीची मोजणी:* सूर्यास्ताआधी अर्धा तास दोन-तीन जणांनी झाडापासून थोड्या अंतरावर, आकाश मोकळे दिसेल अशा जागी बसावे. बाहेर पडणारी वटवाघळे दहा-दहाच्या खुणांनी मोजावीत. प्रत्येकाची दिशा वाटून घ्यावी, म्हणजे एकच वटवाघूळ दोनदा मोजले जाणार नाही. झाडाखाली जाऊन विजेरी मारू नये, आवाज करू नये. सलग तीन संध्याकाळी मोजून सरासरी काढावी. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजणी पुरेशी आहे. नोंदीत तारीख, वेळ, हवामान, मोजणाऱ्यांची नावे, झाडाची जात आणि मालकी लिहावी.

*नुकसानीची मोजणी:* वस्तीच्या आसपासच्या बागेतील पाच झाडे निवडावीत. प्रत्येक झाडाखाली चार ठिकाणी एक मीटर बाय एक मीटरचे कापड अंथरावे. काढणीच्या काळात दहा दिवस रोज सकाळी कापडावरील फळे तीन ढिगांत वेगळी करून वजन करावे: वटवाघळाने चावलेली, पक्ष्यांनी टोचलेली, न खाता गळलेली. झाडावरून काढलेल्या मालाचे वजनही लिहावे. वटवाघळे काही फळे उचलून दूर नेतात, त्यामुळे हा आकडा थोडा कमीच येतो, हे नोंदीत लिहून ठेवा. तरीही अंदाजाने सांगितलेल्या नुकसानीपेक्षा तो कितीतरी विश्वासार्ह ठरतो. बागायतदाराला सोबत घेऊनच ही मोजणी करा. आकडा त्याच्या डोळ्यांसमोर निघाला की पुढची चर्चा सोपी होते.

6. पैसा कशावर खर्च करावा

समजा गटाला 50,000 रुपये मिळाले. उदाहरणादाखल वाटणी अशी करता येईल:

- शेजारच्या बागायतदारांसाठी जाळी आणि फळपिशव्या: 18,000
- वस्तीच्या झाडमालकाशी तीन वर्षांचा करार, दरवर्षी 5,000: 15,000
- मोजणी करणाऱ्या तरुणांचे मानधन, वह्या, विजेऱ्या: 7,000
- वड, उंबर, जांभळाची रोपे आणि काटेरी कुंपण: 6,000
- बैठका, शाळेतील कार्यक्रम, छपाई: 2,500
- हिशेब तपासणी आणि राखीव: 1,500

दर तुमच्या बाजारानुसार बदलतील, पण क्रम बदलू नका. झाडमालकाला ते झाड विकून एकरकमी पैसे मिळू शकतात. ते न तोडण्याचा भार तो एकटा उचलतो. त्याला वर्षाला ठरलेली रक्कम आणि गावात मान मिळाला, तर झाड उभे राहते. करारात झाड न तोडणे, मोठ्या फांद्या न छाटणे, झाडाखाली कचरा किंवा पाला न जाळणे आणि मोजणीला परवानगी देणे एवढ्याच अटी ठेवा. पहिली रक्कम करार करताना आणि पुढच्या रकमा दरवर्षीच्या मोजणीनंतर द्या.

नुकसान सोसणाऱ्याला आधी भरून द्यायचे, हे तत्त्व आपल्या किनाऱ्यावर पाळले जाते. जाळ्यात अडकलेले कासव किंवा अन्य संरक्षित जलचर सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले, तर मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने डिसेंबर 2018 मध्ये सुरू केली. फोटो हा पुरावा आणि जाळ्याचे पैसे हा मोबदला. गावगटानेही बागायतदाराशी असाच साधा व्यवहार ठेवावा.

*जाळी निवडताना:*

- जाळीची भोके 5 मिलिमीटर किंवा त्याहून लहान असावीत. बोट आत जात असेल तर ती जाळी घेऊ नये. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने 2021 मध्ये घरगुती फळझाडांसाठी हाच नियम केला.
- पांढरी जाळी घ्यावी. ती रात्री वटवाघळांना दिसते.
- जाळी सैल लोंबकळत ठेवू नये. बांबूच्या सांगाड्यावर ताणून बांधावी.
- बारीक नायलॉन धाग्याची, मासेमारीची जुनी जाळी झाडावर टाकू नये. तीत वटवाघळांबरोबर घुबडे आणि सापही अडकून मरतात.

जुन्या उंच जांभळाला संपूर्ण जाळी घालणे परवडत नाही. तेथे खालच्या आणि मधल्या फांद्यांचा माल वेळेवर, शक्यतो एक दिवसाआड काढावा आणि पिकलेले घड रात्रभर झाडावर ठेवू नयेत. हाताला न येणारा शेंड्याचा माल वटवाघळांसाठी सोडावा. नवीन लागवड कलमांची आणि छाटणीने बुटकी ठेवलेली असावी, म्हणजे काढणी आणि जाळी दोन्ही सोपी होते. पेरू आणि आंब्याला फळपिशव्या वापराव्यात. चिकूच्या बागेत मऊ झालेली आणि खाली पडलेली फळे रोज गोळा करावीत.

7. कशावर खर्च करू नये

- *लाकडी पेट्या:* मोठी फळभक्षी वटवाघळे पेटीत राहत नाहीत. पाकोळ्यांसाठी भातशेतीजवळ दोन-तीन पेट्या प्रयोग म्हणून लावता येतील, पण पहिला निधी त्यावर घालवू नये.
- *महागडे फलक:* वस्तीची जागा ठळक जाहीर केल्याने बघ्यांची आणि शिकाऱ्यांची गर्दी वाढू शकते.
- *झाडावर दिव्यांची रोषणाई, ध्वनिक्षेपक, झाडाखाली कार्यक्रम:* यामुळे वस्ती उठते.
- *विष्ठेची विक्री:* गुहेतील किंवा पडक्या इमारतीतील विष्ठा खत म्हणून गोळा करू नये. वटवाघळे विस्कळीत होतात आणि धुळीतून माणसाला फुप्फुसाचा बुरशीजन्य आजार होऊ शकतो.

काही गोष्टींना पैसाच लागत नाही. तमिळनाडूतील मदुराईजवळच्या पुलियांगुळम गावाने वडावरील वटवाघळे देवाची मानून पिढ्यान्‌पिढ्या राखली. बिहारमधील सरसई गावातही तशीच श्रद्धा आहे. दिवाळीत वस्तीजवळ फटाके न वाजवण्याचा ठराव आपली ग्रामसभाही करू शकते. गावदेवाच्या जागेवरील झाड असेल तर गावातील जाणत्यांना आणि भगताला पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या.

8. आजाराची भीती: काय खरे, काय नाही

निपाह विषाणूचे नाव निघाले की झाड तोडण्याची मागणी होते. केरळमध्ये 2018 मध्ये निपाहचा उद्रेक झाला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने महाबळेश्वरच्या एका गुहेतून 2020 मध्ये घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत या विषाणूच्या खुणा आढळल्याचे 2021 मध्ये प्रसिद्ध केले. म्हणून काळजी घ्यावी, पण ती योग्य ठिकाणी. वस्ती उठवल्याने वटवाघळे घाबरून इतरत्र पसरतात आणि धोका कमी होत नाही.

आपल्या पट्ट्यासाठी सर्वात महत्त्वाची काळजी ताडी-माडी आणि शिंदीच्या रसाची. बांगलादेशात खजुरीचा कच्चा रस पिऊन निपाहची लागण झाली, कारण रात्री वटवाघळे मडक्यावर येऊन रस चाटत होती. तेथे छेद आणि मडके बांबूच्या चटईने झाकण्याचा उपाय करण्यात आला. ताडी काढणाऱ्यांना अशी झाकणे विणून देणे हा छोट्या निधीचा उत्तम उपयोग आहे. बांबूकाम करणाऱ्यांना त्यातून कामही मिळते. याशिवाय:

- चावलेली, चोखलेली फळे खाऊ नयेत, जनावरांनाही घालू नयेत.
- फळे धुऊन, साल काढून खावीत.
- जमिनीवर पडलेले वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये. लहान मुलांना हे शाळेतच शिकवावे.
- चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखान्यात जावे.

9. ग्रामसभेच्या ठरावाचा नमुना

"आज दिनांक ____ रोजीच्या ग्रामसभेत असा ठराव करण्यात येत आहे की, गट क्रमांक ____ मधील ____ जातीच्या झाडावर वटवाघळांची वस्ती असून दिनांक ____ च्या मोजणीनुसार त्यांची संख्या सुमारे ____ आहे. सदर झाडाचे संरक्षण, शेजारील फळबागांसाठी सुरक्षित जाळ्यांची खरेदी आणि वर्षातून चार वेळा मोजणी या कामांसाठी अबंध निधीच्या वन्यजीव संवर्धन या बाबीतून रुपये ____ मंजूर करण्यात येत आहेत. वस्तीपासून ____ मीटरच्या आत फटाके वाजवण्यास आणि पाला जाळण्यास ग्रामसभा मनाई करीत आहे. सदर वस्तीची नोंद लोक जैवविविधता नोंदवहीत घ्यावी. कामाचा हिशेब पुढील ग्रामसभेत वाचून दाखवावा."

मालक खासगी असेल तर त्याचे संमतीपत्र सोबत जोडावे.

10. वर्षाचे नियोजन

- *जानेवारी:* पहिली मोजणी. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत विषय मांडणे.
- *फेब्रुवारी ते एप्रिल:* माद्यांसोबत पिल्ले असण्याचा काळ. झाडाजवळ छाटणी, गोंगाट पूर्ण बंद. एप्रिलमध्ये दुसरी मोजणी. कडक उन्हाच्या दिवसांत मेलेली वटवाघळे आढळल्यास वन विभागाला कळवणे.
- *मे-जून:* 1 मेच्या ग्रामसभेत आढावा. जांभळाच्या काढणीत नुकसानीची मोजणी, जाळ्यांचा वापर.
- *जुलै-ऑगस्ट:* रोपांची लागवड, तिसरी मोजणी. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत नुकसानीचे आकडे मांडणे.
- *ऑक्टोबर-नोव्हेंबर:* 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव, गावविकास आराखड्यात काम समाविष्ट करणे. चौथी मोजणी. दिवाळीत फटाकेमुक्त पट्टा.
- *डिसेंबर:* हिशेब पूर्ण करणे, झाडमालकाची रक्कम देणे, कंपन्यांकडे पुढील वर्षाचा प्रस्ताव.

11. नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*आमचा गट नोंदणीकृत नाही. निधी मिळेल का?*
ग्रामसभेच्या निधीसाठी स्वतंत्र नोंदणी लागत नाही, काम ग्रामसभेचे असते. कंपनी किंवा बाहेरच्या संस्थेसाठी नोंदणीकृत संस्थेची सोबत घ्यावी.

*वटवाघळांच्या नुकसानीची सरकारी भरपाई मिळते का?*
रानडुक्कर, हरीण, नीलगाय यांच्या पीकनुकसानीसाठी वन विभागाची योजना आहे. वटवाघळांच्या बाबतीत तिच्यावर विसंबून नियोजन करू नका. वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारून घ्या आणि जाळी, वेळेवर काढणी हे उपाय चालू ठेवा.

*वस्ती हलवता येते का?*
हुसकावलेली वटवाघळे जवळच्याच दुसऱ्या झाडावर बसतात, अनेकदा घरांच्या आणखी जवळ. बागेला त्याचा फायदा होत नाही, कारण ती रात्री अनेक किलोमीटर उडून खाद्य शोधतात.

*तांत्रिक मदत कोठे मिळेल?*
फळबाग आणि जाळ्यांबाबत कोसबाड हिल येथील कृषी विज्ञान केंद्र किंवा तालुका कृषी अधिकारी कार्यालय. संरक्षणाबाबत वनपरिक्षेत्र अधिकारी.

कृषी सहायकांसाठी सूचना

गावात पहिली बैठक वटवाघूळप्रेमींची घेऊ नका, बागायतदारांची घ्या. नुकसानीचा आकडा त्यांच्याकडूनच काढा. पहिल्या वर्षी एकच झाड आणि त्याच्या आसपासच्या चार-पाच बागा एवढेच काम हाती घ्या. वर्षअखेरीस झाड उभे आहे, संख्या टिकली आहे आणि बागेत वाया जाणारे फळ कमी झाले आहे, हे तीन आकडे वहीत असतील तर पुढच्या वर्षी निधी मागणे सोपे जाते. हे आकडे ग्रामसभेत वाचून दाखवा. शेजारचे गाव तेच ऐकून काम सुरू करते.